जपानी ट्रेचा काठ

हसाचं असन तं आताच हसून घे, अजय. मंग हसू येनार नाई. अन् मले ही गोष्ट दोनदा सांगवत नाई.

माझी लहान बहीण रंभा आरमोरीले देली होती. नवरा हरिदास, बांबूकाम करणारा. हातात लय सफाई. चंद्रपूरच्या एका बाईनं त्याले चहाचा जुना जपानी ट्रे दुरुस्तीले देला. बांबूचाच, पण वरून काळी चकचकीत लाख. काठाची वीण सुटली होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यानं नवी पट्टी काढून काठ बांधला.

हरिदासच्या घरची एक रीत. दुसऱ्याच्या हातची वस्तू दुरुस्त केली, का पयला मान मूळ कारागिराले. तो मेला असन तरी. नाव घेऊन बोलवाचं, नाव घेऊनच पाठवाचं. आता जपानच्या माणसाचं नाव याले कोण सांगन? पण रीत मोडवत नाई. रात पडल्यावर रंभानं चहा केला. यानं कपबशी ट्रेवर ठेवली अन् म्हणाला, "ज्यानं विणला, त्यानं यावं."

लाईन गेली.

बशीवर कप वाजला. कोणीतरी उचलून परत ठेवला.

"आता पाठवा ना त्याले," रंभा म्हणे.

"कसा पाठवू? नाव नाई माहीत..."

सर्र... सर्र... हरिदासनं बांधलेला काठ कोणी उसवून राह्यलं होतं.

"बाबा, चुकलं माझं," त्यानं हात जोडले. "जाय आता."

आवाज थांबला.

"अवो, माहा अंबाडा काऊन ओढता?"

हरिदास दाराशी होता. ती चुलीपाशी.

"रंभा?"

...

"रंभा..."

लाईन आली. रंभा बसलेलीच होती. जीव नव्हता. डोक्यावर एक केस नाई, तळहातासारखं डोकं. अन् ट्रेचा काठ नव्यानं बांधलेला, तिच्या केसांनी. अशी बारीक वीण आमच्याकडं कोणालेच येत नाई. मी माझ्या बहिणीले तशीच जाळली.

ट्रे जाळाची हरिदासची हिंमत झाली नाई, घरी ठेवाची त्याहून नाई. त्यानं तो नेऊन देला. बाई म्हणाली, "किती सुरेख काम!" तो तसाच वापस आला.

रंभा गेली तवा पोरसवदाच होती. त्याले आता लय वर्षं झाली. मागच्या दिवाळीत बाईचा हरिदासले फोन आला. मी बाजूलेच होतो.

"हरिदासभाऊ, त्या काठाची काळी वीण मधून मधून पांढरी व्हायला लागलीय. असं होतं का हो?"