ढोलवादिनीचा चेहरा

"अगं, गाडी थांबू तरी दे!" लंबूचे मामा ओरडले, पण दार उघडून चष्मेवाली पळालीसुद्धा!

"मामा, सकाळपासून तिचा एकच जप चाललाय," बोका म्हणाला. "जुन्या देवळातली, मंडपाच्या डाव्या भिंतीवरची ढोलवादिनी!"

लंबू, बोका आणि चष्मेवाली एकाच वर्गातले. चष्मेवालीचे बाबा प्राचीन कोरीवकामाची डागडुजी करत. ढोलवादिनीच्या ओठांवरची केसाएवढी भेग बुजवण्यात त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. 'ती हसते कशी, ते तुला दाखवीन,' असं ते लेकीला म्हणत. दाखवायचं राहून गेलं, आणि ते गेले.

लंबू आणि बोका मंडपात पोचले तेव्हा चष्मेवाली भिंतीपुढे थिजून उभी होती. ढोल जागेवर होता, त्यावरची बोटं होती. चेहरा मात्र नव्हता.

"शेकडो वर्षांच्या वाऱ्यापावसानं झिजला," तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं. अज्ञानाला इतका ठाम स्वर क्वचितच लाभतो.

ते वळताच लंबू पुटपुटला, "झिजलेला दगड काळवंडतो की! हा तर नुकताच फुटल्यासारखा पांढराफटक आहे. आणि कानामागे हे बघ, प्लास्टर!"

"अरे, इकडे या!" बोक्याने दारालगतच्या दुकानातून हाक मारली. तिथे फळीवर प्लास्टरच्या ढोलवादिन्या ओळीने मांडल्या होत्या, आणि झाडून सगळ्या हसत होत्या! खाली पाटी होती : 'मूळ शिल्पावरून घेतलेली प्रतिकृती'.

"शेकडो वर्षांपूर्वी हे दुकान कोण चालवायचं रे?" लंबू कुजबुजला.

बोक्याने चेहरा शक्य तितका भोळा केला आणि व्यवस्थापकांना गाठलं. "काका, शाळेसाठी एक मूर्ती हवी होती. पण ताज्या साच्यातली हं! या जरा बोथट वाटतात."

"नजर आहे हो तुला!" व्यवस्थापक खुलले. "जुना साचा झिजलाय खरा. परवाच शिल्पावरून नवा घेतला, पण त्यात कचरा अडकलाय. तो काढला की लगेच देतो."

"बघू तरी!"

त्यांनी स्वतःच मागची शेड उघडली. साच्याच्या खळग्यात तळहाताएवढा दगडी पापुद्रा घट्ट रुतून बसला होता.

"हा कचरा नाही!" चष्मेवालीचा आवाज चिरकला. "हा तिचा चेहरा आहे! इतक्या मऊ दगडावर थेट प्लास्टर थापतात का कुणी? दगड सोलून येऊ नये म्हणून बाबा आधी ओल्या कागदाचे थर द्यायचे!"

"अगं बाळ, मोठे पाहुणे यायचे होते, त्यांना मूर्ती भेट द्यायच्या होत्या. कागद चिकटवत बसायला वेळ कुणाला होता?"

मामा एरवी भाजीवाल्याशीही हुज्जत घालत नसत. आज मात्र ते शेडच्या दारात पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी पुरातत्त्व खात्याला फोन लावला.

दुपारी खात्याच्या अधिकारी बाई आल्या. साचे घेणं तिथल्या तिथे बंद झालं. "शाबास! तुम्ही नसतात तर उद्या छिन्नीनं याचा भुगा झाला असता," म्हणत बाईंनी तिघांची पाठ थोपटली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत व्यवस्थापकही सामील झाले. त्यांना समारंभांची सवय होती.

"बाई, आता ती पहिल्यासारखी दिसेल ना?" चष्मेवालीने विचारलं.

बाईंनी पापुद्र्याच्या कडा न्याहाळल्या. "भोवतीचं प्लास्टर कणाकणानं काढावं लागेल. वर्ष जाईल. तरीही ओठ शाबूत निघतील, असं वचन मी देणार नाही."

चष्मेवाली साच्यावर वाकली. दिसत होती ती फक्त पापुद्र्याची खडबडीत पाठ. नाक, डोळे, ओठ सारं प्लास्टरच्या बाजूला.

"हसतेय का गं?" बोक्याने हळूच विचारलं.

"कसं कळणार? तोंड फिरवून बसलीय," ती म्हणाली. "आणि बरोबरच आहे तिचं."