काही शे माणसं

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार होता. दुपारची नेहमीची फेरी: वाटेनं, इंग्रज यायच्या आधीपासून इथे राहणाऱ्या आम्हा निपमक लोकांचा इतिहास सांगत पाहुण्यांना पाइनच्या झाडीतून नदीकाठी न्यायचं. एकोणीस वर्षं मी हेच करत आले. गुडघे पार कामातून गेलेत. ही शेवटची फेरी, असं मी या फेऱ्या चालवणाऱ्या मंडळाला कळवून टाकलं होतं. माझ्यामागून हे काम माझ्याच घरी राहणाऱ्या भाचीनं, केंड्रानं घ्यावं म्हणून वर्षभर तिच्या विनवण्या केल्या. "मावशी, तुझं ते मेलेल्यांचं ओझं मला नको," एवढंच ती म्हणायची. मला राग यायचा, पण पोरीचं चुकत होतं असंही नाही.

त्या दिवशी नऊ पाहुणे होते. एकानं विचारलं, निपमक आता कोणी उरलेत का? मी म्हटलं, "मग मी काय भाड्यानं आणलेली आहे?" सगळे हसले. हा विनोदही एकोणीस वर्षं जुना. काठावर पोचल्यावर ठरलेलं सांगितलं: सोळाशे पंचाहत्तर साल, लढाई पेटलेली, इंग्रजांनी आमच्या, ख्रिस्ती झालेल्या काही शे माणसांना होड्यांत घालून समुद्रातल्या डियर बेटावर नेऊन सोडलं, थंडीनं आणि भुकेनं कितीतरी मेली. जीभ आपली चालत होती, मन घरी भिजत घातलेल्या घेवड्यात होतं. आमच्या रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली आणि पाहुण्यांना निरोप दिला.

एक बाई मात्र दगडावर बसून राहिली. अंगावर घोंगडी, चेहरा आमच्यातलाच. वूस्टर शहराकडची कोणी असेल, असं मला वाटलं. जवळ गेले तर खारा, कुजक्या शिंपल्यांचा वास आला. समुद्र तिथून बराच लांब आहे.

"तू दर वेळी काही शे माणसं म्हणतेस," ती हळूच म्हणाली. "माझी ॲबिगेल त्यात आहे का?"

मी म्हटलं, बायकापोरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

"चार वर्षांची होती. शिंपल्यांनी तिचं पोट दुखायचं... पण दुसरं काही नव्हतंच खायला. तिचं नाव घेत जा."

खरं सांगते, भीतीपेक्षा थकवा मोठा होता.

"मी थकले गं," मी म्हणाले. "आता मी येणार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "बरं," म्हणाली. "मग तुझ्या घरात दुसरं कोणी असेल... तिला सांगते."

तंबाखूची पिशवी बांधून मी मान वर केली, तर दगड रिकामा होता. वास तेवढा राहिला होता.

घरी मी यातलं काही बोलले नाही. आठवडाभर केंड्रावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पोरगी ठणठणीत होती, जेवत होती, कामावर जात होती. शनिवारी दुपारी जरा डोळा लागला, आणि उठून पाहते तर ती घरात नाही. मी तशीच लंगडत नदीकडे धावले.

केंड्रा काठावर उभी होती. समोर त्या दुपारच्या फेरीचे पाहुणे जमिनीवर बसलेले, कोणी हलत नव्हतं. ती नावं घेत होती. ॲबिगेल, चार वर्षांची. मग एका म्हाताऱ्याचं, मग दोन जुळ्या बहिणींचं. कोणाला खोकला होता, कोणाची टोपली अर्धी विणून राहिली, सगळं. यातलं मी तिला काही शिकवलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं जे मी सांगायला हवं होतं ते ही पोर सांगत होती. पण अभिमान वाटायचं सोडून मला रडू फुटलं.

उन्हं कलली. तिचा आवाज बसला होता, ओठ निळे पडले होते. मी जाऊन तिचा दंड धरला. बर्फासारखा गार.

"केंड्रा, पुरे. घरी चल. पुढचं मी सांगते."

"तुला दिसत नाहीत गं ते... अजून किती जण रांगेत उभे आहेत," ती म्हणाली. "तू बस, मावशी. तुझे पाय दुखतात."

मग माझ्या खांद्यावरून मागे बघत तिनं कोणाला तरी पुढे यायची खूण केली. बसलेल्या पाहुण्यांनी, कोणी न सांगता, पाय आवरून वाट करून दिली.