दारावरची अक्षरं

"वहिनी, माझी अक्षरं चोरीला गेली!" सायकलवाली धापा टाकत आत आली.

वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांच्या मदतीला त्यांचे दीर, म्हणजे भावजी. डोकं जरा सावकाश चालायचं, तोंड मात्र भरभर.

"कसली अक्षरं?" भावजींनी बिस्कीट संपवलं.

"दुकानाच्या दारावरची. 'सायकल दुरुस्ती'. मामंजींनी लाकडाची कापून भिंतीवर स्क्रूने बसवलेली. आज दुपारी कोर्टाचे साहेब पाहणीला येतायत!"

"आधी बस. मग सांग."

"नगरपालिकेने ठराव केला, आमची गल्ली फक्त राहण्यासाठी, धंदा बंद. त्याच ठरावाने गल्लीतल्या निळ्या भिंती पिवळ्या करायला लावल्या. वकील म्हणतात, आधीपासूनचं दुकान असं हिसकावणं घटनेत बसत नाही. पण आधीपासून होतं हे दाखवायचं कशाने? ती जुनी अक्षरंच होती. दुकान गेलं तर मी काय करू, वहिनी?"

वहिनी आणि भावजी दुकानाशी पोचले. पिवळ्या भिंतीवर, दाराच्या वर, निळे डाग तेवढे उरले होते. प्लास्टरचा टवकाही उडाला नव्हता. खिडकीत बशीभर स्क्रू नीट ठेवलेले होते.

शेजारच्या बिल्डरचा त्या जागेवर डोळा होता. "अक्षरं घेऊन काय करू?" तो हसला. "हुकूम येऊ दे, भिंतच पाडतो."

वरच्या मजल्यावरचे मास्तर वैतागले. "तक्रार मीच केली. ठोकाठोकीने डोकं उठतं. पण हात खांद्याच्या वर जात नाही हो. शर्टसुद्धा बायको घालून देते."

आत सायकलवालीचे सासरे गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. हात त्याखाली. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. भावजींनी बिस्कीट पुढे केलं.

"नको."

"मामंजी बिस्किटाला नको म्हणाले?" सून चकित झाली.

वहिनींनी सगळ्यांना दारात बोलावलं.

"चोराला घाई नव्हती, भिंतीची काळजी होती आणि स्क्रू परत लागणार होते. म्हणजे अक्षरं परत लावायची होती. मामंजी, हात दाखवा."

बोटं लालभडक होती.

"साहेब येणार, म्हटलं जरा चकाचक करावीत," सासरे पुटपुटले. "खरवडून नवा रंग दिला. सुनेला गंमत वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"मामंजी! आता ती कालच केल्यासारखी दिसणार!" सायकलवाली मटकन पायरीवर बसली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"रडताय कशाला?" वहिनी म्हणाल्या. "पिवळा रंग कोणी दिला होता?"

"मीच."

"अक्षरं काढून?"

सासरे ओशाळले. "कंटाळा केला. भोवतीने ब्रश फिरवला. माझ्या या आळसावरून सुनेची सासू जन्मभर टोमणे मारायची."

"भावजी, ते निळे डाग वाचा."

भावजींनी मान वाकडी केली. "सा... य... क... अहो वहिनी, इथे तर अख्खं 'सायकल दुरुस्ती' लिहिलंय!"

"अक्षरांखाली पिवळा रंग पोचलाच नाही. म्हणजे भिंत निळी होती तेव्हाच ती तिथे बसली होती. म्हणजे ठरावाच्या आधी. लाकूड नव्याने रंगवता येतं, हे जुने डाग नाही."

दुपारी कोर्टाचे साहेब आले. भिंतीवरून बोट फिरवलं, फोटो काढले आणि म्हणाले, "दुकान आधीचं आहे, असं लिहितो."

सायकलवालीने सासऱ्यांना घट्ट मिठी मारली. तिच्या साडीवर लाल बोटं उमटली.

"आता अक्षरं परत लावू?" त्यांनी विचारलं.

"निकाल लागेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, मामंजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आपला कंटाळा करा!"