गुरांच्या डॉक्टरची चकाचक जीप

माझ्या प्रेमाची सुरुवात वासाने झाली. आणि तो वास अत्तराचा नव्हता, हे आधीच सांगते!

मामाच्या गॅरेजबाहेर मी एका गाडीचा जुना दरवाजा घासत बसले होते. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली आणि खिडकीतून उन्हाने रापलेला चेहरा बाहेर आला.

"एक बादली पाणी मिळेल का? पेशंटला तहान लागलीय."

मी मागे डोकावले आणि झटकन नाक दाबलं. "ई... काय वास हा!"

पेशंट म्हणजे एक शेळी. पायाला बँडेज, पण तोरा असा की जीप जणू तिच्याच मालकीची. हा माणूस गुरांचा डॉक्टर होता. डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी जनावरं दवाखान्यात आणायची, बरी झाली की परत नेऊन सोडायची, हे त्याचं काम. माझं ते 'ई' ऐकून तो कानापर्यंत लाल झाला. पण माझं लक्ष शेळीकडे होतं. उघड्या पत्र्यावर बिचारीचे खूर सारखे घसरत होते.

"अहो डॉक्टर, हिचे उरलेले पायही मोडाल तुम्ही! आतून लायनर का नाही मारून घेत?"

"म्हणजे काय?"

झालं! हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी कधीची टपूनच बसले होते. रबरासारखा जाड रंग असतो, रोलरने पत्र्यावर चढवायचा, सुकला की पाणी मुरत नाही, गंज धरत नाही, पाय सटकत नाही, वर पाइप मारून धुऊन टाका की झालं...

"अगं, श्वास घे मध्ये!" आतून मामा ओरडला.

मामाची कंबर धरल्यापासून गॅरेज मीच बघत होते. पण पोरीच्या हातात गाडी द्यायला कुणी तयार होईना. शेजारच्या टायरवाल्याचा जागेवर डोळा होताच. "एक तरी काम मिळव आणि धड करून दाखव," मामाने मला बजावलं होतं, "नाहीतर महिनाअखेर जागा त्याला देऊन मोकळा होतो." आई गेल्यावर मी वाढले ती याच गॅरेजात, याच मामाच्या पंखाखाली. इथून उठून जायचं कुठे, हे मला सुचतसुद्धा नव्हतं.

मी नमुन्याच्या तीन फळ्या मांडल्या. एक गुळगुळीत, एक बारीक दाण्याची, एक चांगली खरखरीत.

"मला काय कळतंय यातलं?" डॉक्टर म्हणाला. "जिला वापरायचंय तिलाच विचारू." आणि त्याने शेळीला उचलून अलगद खाली ठेवलं. गुळगुळीत फळीवर ती सटकली. खरखरीत फळीवर चटका बसल्यासारखे पाय उचलायला लागली. बारीक दाण्याच्या फळीवर मात्र बाईसाहेबांनी बैठक मारली आणि माझं फडकं चघळायला घेतलं.

"ठरलं," तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे, ओठ मागून... "उद्या गाडी आणतो."

"माझ्या हातात देणार?"

"का? काही झालंय का हातांना? दाखवा बघू, डॉक्टर आहे मी."

"गुरांचे!"

"चालतंय की. त्यात काय!"

इतकं हसू आलं मला, की आभार मानायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी जीप आली ती अशी चकाचक, की मी बघतच राहिले. मागच्या पत्र्यात तोंड दिसत होतं!

"हीच का ती?" मी विचारलं. डॉक्टर उगाचच खिशात किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

मी जीव ओतून काम केलं. सीटा काढल्या, पत्रा घासला, थिनरने पुसला, बोल्टची आणि पाणी जायची भोकं चिकटपट्टीने झाकली. कडाकोपरे ब्रशने घेतले, बाकी सगळं रोलरने. एक हात, मग दुसरा. संध्याकाळी डॉक्टर दवाखाना आटोपून यायचा आणि न सांगता दिवा धरून उभा राहायचा.

"दिवा पत्र्यावर धरा. माझ्या तोंडावर नको."

"सॉरी... लक्षात नाही आलं."

पुन्हा दोन मिनिटांत दिवा माझ्या तोंडावर. मी आपली रागावल्यासारखं करत होते. पण मनात म्हणत होते, देवा, हे लायनर जरा सावकाश सुकू दे.

ते सुकलं. जीप गेली आणि मला गॅरेज खायला उठलं.

मग एका सकाळी जीप परत आली. डॉक्टरचा चेहरा उतरला होता. मी काही विचारायच्या आत मामा काठी टेकत गाडीमागे गेला. मागच्या कोपऱ्यात लायनर उचकटलं होतं. मामाने नखाने टोक धरलं, ओढलं, आणि केळं सोलावं तशी लांबच्या लांब पट्टी निघून आली.

मी ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"हात आहे तुझ्याकडे, पण हे काम तुला जमायचं नाही पोरी," मामा हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "टायरवाल्याला फोन लावतो."

मी उघड्या पत्र्यावर पाणी शिंपडलं. पाणी पसरलंच नाही. थेंब गोळा होऊन पळाले. याचा अर्थ एकच... पत्र्यावर काहीतरी तेलकट होतं.

"डॉक्टर, गाडी द्यायच्या आधी याला काय लावलं होतं?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मामाकडे. नुसती मान हलवून तो सुटू शकला असता, कुणाला काही कळलं नसतं.

"पॉलिश," तो म्हणाला. "डॅशबोर्डला लावतात ते. कानाकोपऱ्यात अख्खी बाटली चोळली मी."

"जनावरांच्या गाडीला पॉलिश?" मामा उडालाच.

"त्या दिवशी यांनी नाक दाबलं ना..." डॉक्टरचा आवाज खोल गेला. "घरी जाऊन रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. यांच्यासमोर पुन्हा तसली गाडी घेऊन कसं जायचं? म्हणून... मामा, चूक माझी आहे. यांच्या हातांची नाही."

एवढा मोठा माणूस, भर उजेडात, माझ्या मामासमोर हे बोलत होता! माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी कुणी आपली लाज अशी चव्हाट्यावर मांडली नव्हती.

"चूक माझी पण आहे," मी म्हटलं. "घासायच्या आधी एकदा साबणाने धुवायचंच असतं. गाडी चकाचक दिसली आणि मी ते टाळलं. नुसत्या थिनरने पॉलिश निघत नाही, ते पत्र्यावरच राहिलं. मामा, पुन्हा करते. धड करते."

मामा आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. मग कंबरेला हात लावून जो हसायला लागला, तो थांबेचना. कंबर धरल्यापासून पहिल्यांदाच इतका हसला. "एकाने घोळ घातला, दुसरीने निस्तरायचा सोडून वाढवला! चांगली जोडी जमलीय. खरवडा दोघं मिळून!" फोन त्याने लावलाच. "हां, टायरवाले... जागेचं विसरा. आमची पोरगी चालवतेय."

आम्ही दोन दिवस खरवडलं. धुतलं, घासलं, पुसलं. पाणी शिंपडून बघितलं तर ते कसं छान पसरलं! मग दोघंही हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून, पुढून मागे सरकत रोलर फिरवू लागलो. लायनर एकदा मिसळलं की मध्ये थांबता येत नाही, म्हणून मी त्याच्याकडे न बघताच बोलले.

"थँक्यू."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल... गाडी माझ्या हातात दिलीत. मामासमोर खरं बोललात. माझं घर राहिलं तुमच्यामुळे."

"बस? आणखी काही नाही?"

"आहे. पण ते थँक्यूत बसत नाही. तुम्ही मला... फार आवडता."

शेवटचा कोपरा घेऊन आम्ही खाली उतरलो. त्याने हातमोजे काढले, माझेही हळूच ओढून काढले आणि माझा हात हातात घेतला. त्याच्या मनगटावरचा ओला काळा रंग माझ्या बोटांना लागला.

"अहो, काय केलंत!" मी दटावलं. "हा डाग महिनाभर निघत नाही."

"महिनाभरच?" तो म्हणाला, आणि हात काही सोडला नाही.