इलारीचे पांढरे बूट

नवऱ्याच्या चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी वेता सुतळीचा तुकडा घेऊन दोब्रे सुताराकडे गेली. त्याच्या पायाचं माप घ्यायचं होतं.

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावांत ही रीत आहे. माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याच्या वयाच्या, त्याच्या चणीच्या एखाद्याला टोपीपासून बुटांपर्यंत सगळे कपडे द्यायचे. सोबत एक पाव आणि पेटवलेली मेणबत्ती. इथे दिलेलं तिथे त्याला पोचतं. जे द्यायचं राहिलं, त्यावाचून तिथे त्याचं अडतं.

दोब्रेनं ओट्यावर बसून पाय पुढे केला. "वहिनी, इलारीनं जन्मभर मला सुया टोचल्या. आता त्याच्या बुटात पाय घालून सूड उगवतो की नाही बघा."

"मोजे धुतलेस का आधी, ते सांग."

"तुमच्यासाठी धुतलेत. एरवी नाताळलाच धुतो."

वेता हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. माप बरोबर जुळलं.

घरी तिची मुलगी सबिना शहरातून आली होती. बापाच्या कपड्यांच्या घड्या करता करता तिनं विचारलं, "आई, बाबांचे पांढरे बूट कुठे गेले? वॉर्डातले?"

"फाटले होते. टाकले."

"अगं, त्या बुटांत तर बाबांचं अर्धं आयुष्य गेलं. तेच द्यायला हवे होते."

"टाकले म्हटलं ना! हे काळे ठेव. लग्नाकार्याला घालायचा ते."

बूट टाकलेले नव्हते. वेतानं ते पिठाच्या पेटीत तळाशी, पोत्याखाली दडवले होते.

इलारी शहरातल्या इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होता. बाप्यानं नर्स व्हायचं म्हणून सुरुवातीला लोक हसले. पुढे तेच लोक आजारी पडल्यावर दारातूनच विचारायचे, "आज इलारीदादा आहे ना?" तो असला की निवांत झोपायचे. माणूस होताच तसा. म्हाताऱ्यांची दाढी करून द्यायचा, ज्यांना भेटायला कुणी येत नसे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या गाईम्हशींची चौकशी करायचा. कधी कुणावर आवाज चढवला नाही.

आणि घरी यायचा तो दमलेला. वाढलेलं सूप पुढ्यात तसंच, चमचा हातात धरून झोपलेला. सबिनाचा जन्म झाला तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी होता. सबिनाच्या लग्नात ऐन नाचाच्या वेळी इस्पितळातून निरोप आला, एक म्हातारा फक्त त्यालाच बोलावतोय म्हणून. तो गेला. वेता मांडवाच्या मधोमध एकटी उभी राहिली, हात तसाच पुढे धरलेला.

वेताचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. उलट इतकं होतं की त्याचा एकेक वाटेकरी तिला मोजून पाठ होता. आणि त्या वाटेकऱ्यांत तिची सख्खी धाकटी बहीण सांदा होती. शेवटच्या आजारात सांदा अकरा दिवस त्याच्या वॉर्डात होती. एकदा डबा घेऊन गेलेल्या वेतानं दाराच्या काचेतून पाहिलं, इलारी सांदाचे केस विंचरत होता. हळू, एकेक गुंता सोडवत. वेता डबा दाराशी ठेवून आत न जाता परत फिरली. त्याच दुपारी सांदा गेली.

आता त्या पलीकडे ते सगळेच असणार. त्याच्या वॉर्डातून गेलेले, बत्तीस वर्षांचे. पांढरे बूट पोचले की हा लगेच पायात घालून कामाला लागेल, मग वेता जाईल तेव्हा तिथेही तिनं सूप गरम करत बसायचं. त्यापेक्षा काळेच बूट जाऊ देत. घट्ट आहेत, चावतात. घालून चालवणार नाही. बसून राहील माझी वाट बघत.

चाळिसाव्याला अंगण भरलं. गोड गव्हाचा प्रसाद झाला, कोबीच्या पानातलं मांस झालं, आलुबुखाराच्या दारूचे पेले फिरले. जो तो इलारीची आठवण काढत होता. माझ्या आईला त्यानं भरवलं. माझ्या भावाचा हात त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. वेता वाढत राहिली. एकेका आठवणीनं तिच्या ताटातलं कुणी उचलून नेतंय असं तिला वाटत होतं. दोब्रे काळे बूट घालून लंगडत घरी गेला.

तिसऱ्या दिवशी शेजारीण तिंका कुंपणावरून म्हणाली, "वेता, इलारी माझ्या स्वप्नात आला होता गं."

"तुझ्या? तुझ्या कशाला?"

"मला काय ठाऊक! बूट हातात घेऊन अनवाणी चालत होता. भिंतीला धरून. म्हणाला, उशीर होतोय, वॉर्डात घंटा वाजतेय."

"रात्री डुकराचं मांस खाऊन झोपलीस की असंच दिसणार."

पण मग पाद्रींच्या बायकोला, पाद्रीबाईंना, तो दिसला. पाववाल्याच्या सुनेला दिसला. दोब्रेलाही दिसला. सगळ्यांना अनवाणी. वेता रोज लवकर अंथरुणावर पडायची, डोळे घट्ट मिटून वाट बघायची. तिच्या स्वप्नात तेवढा तो आला नाही. मेल्यावरही सगळ्या गावाचा, आणि माझा…? तिनं पिठाच्या पेटीवर आणखी एक पोतं ठेवलं.

मग धुकं आलं. नोव्हेंबरात नदीवरून येतं तसंच, पण या वेळी ते हललंच नाही. भर दुपारी समोरचं घर दिसेना. अशाच एका दुपारी वेता कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आली, तर फाटकाबाहेरच्या बाकड्यावर कुणीतरी बसलेलं होतं. पट्ट्यापट्ट्यांचा इस्पितळाचा पायजमा. पायात काही नाही.

"कोण आहे?"

"इलारीदादा आहे का?" आवाज अगदी हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय. "सलाइन संपलंय माझं…"

इस्पितळातून पळालेलं कुणी वेडं असेल, असं वेताला वाटलं. "नाही इथे इलारी. जा. गारठून मरशील."

त्या माणसानं मान हलवली. उठला नाही. वेता आत गेली, कडी लावली. पायजम्यावाल्याला शाल तरी द्यावी म्हणून थोड्या वेळानं बाहेर आली, तर बाकडं रिकामं. पण स्पिरिटचा वास होता. ओल्या धुक्यात बसून राहिलेला, जुना, ओळखीचा वास.

दुसऱ्या दिवशी तिघं होते. त्याच्या पुढच्या दिवशी बाकडं पुरलं नाही. काही जण नाल्याच्या कडेला बसले होते, काही कुंपणाला टेकून उभे. कुणी बोलत नव्हतं. कुणी फाटक उघडत नव्हतं. इस्पितळात आपला नंबर यायची वाट बघतात ना माणसं, तसे नुसते थांबलेले. तिंका त्यांच्यामधून दुधाचं भांडं घेऊन गेली. तिला कुणीच दिसलं नाही. फक्त तिथे पोचल्यावर तिनं उगाच अंगावरची ओढणी घट्ट केली.

वेता खिडकीतून ओरडली, "नाही देणार! बत्तीस वर्षं दिला तुम्हाला. आता माझा आहे!"

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. मग एकेक करून माना खाली घातल्या. त्यांच्या मागे, नाल्याच्या कडेला, एक बाई उभी होती. तिचे केस मोकळे, गुंतलेले, पार पाठीवर आलेले.

"सांदा…?"

बाई पुढे आली नाही.

"वेता, मी सकाळपासून घंटा वाजवतेय." आवाजात तक्रार नव्हती. लहानपणी भूक लागल्यावर काढायची तोच आवाज. "कुणी येतच नाही गं."

अकरा दिवसांत आपण एकदाही आत गेलो नाही, हे वेताला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. गुंता सोडवायला तिथे दुसरं होतं कोण? तिनं पिठाच्या पेटीवरची पोती ओढून काढली. बूट पिठानं माखले होते. एप्रनच्या टोकानं पुसले, एक पाव घेतला, मेणबत्ती घेतली, आणि तशीच धुक्यातून दोब्रेकडे पळाली.

"दोब्रे, हे घाल. आत्ता घाल."

"सबिना तर म्हणाली टाकले, वहिनी?"

"खोटं बोलले. घाल रे बाबा!"

त्यानं काही न विचारता बूट चढवले. वेतानं मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली. "हे इलारीसाठी," ती म्हणाली. "त्याला पोचो." दोब्रे म्हणाला, "पोचो."

ती परतली तेव्हा बाकडं रिकामं होतं. संध्याकाळच्या आत धुकं विरलं.

त्यानंतर तो कुणाच्याच स्वप्नात आला नाही. तिंकाच्या नाही, पाद्रीबाईंच्या नाही. वेताच्याही नाही. झालं, लागला कामाला, ती मनात म्हणायची. एक शब्द तरी बोलायचा होता मला. चुलीपाशी बसून ती चडफडायची आणि चडफडता चडफडता तिचे डोळे भरून यायचे.

आठवड्यानं तिला सर्दी झाली, अंगात कणकण आली. दुपारी ती चुलीजवळच्या खाटेवर पडून होती. दार वाजलं नाही. फक्त मऊ तळाच्या बुटांची पावलं आली आणि उशाशी थांबली. कुणीतरी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कसलीच घाई नव्हती त्या हातांना.

"घाबरू नका, बाई," इलारी म्हणाला. "नाव काय तुमचं?"

"इलारी… मी… वेता."

"वेता." त्यानं ते सावकाश म्हटलं, नवीन नाव लक्षात ठेवतात तसं. "पुढे काय लावता?"

तिला रागानं उठून बसायचं होतं. माझं नाव विचारतोस? पण तो हात सोडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. ती लहान मुलीसारखी एकेक प्रश्नाला उत्तर देत गेली. वय. गाव. दुखतं कुठे. शेवटी तो म्हणाला, "छान. जागा तयार आहे तुमची." मग तिला झोप लागली.

पाचच्या बसनं सबिना लिंबं आणि मध घेऊन आली. आईला तिनं हलवून उठवलं. वेताच्या चेहऱ्यावर लाली होती, सबिनाला ती तापाची वाटली.

"आई, हे काय बांधलंयस हाताला?"

डाव्या मनगटावर बँडेजची अरुंद पट्टी होती, गाठ आतल्या बाजूला, टोकं दुमडून नीट खोचलेली. वर निळ्या शाईनं लिहिलं होतं: वेता, आणि तिचं आडनाव. खाली खाटेचा आकडा.

सबिनानं बापाचं अक्षर ओळखलं. ती उठून कात्री शोधू लागली.

"हात लावू नकोस," वेता म्हणाली आणि तो हात तिनं गोधडीत ओढून घेतला. "माझी आहे ती."

"आई, अगं… कधीची आहे ही? तू जपून ठेवली होतीस का? खरं सांग."

वेता छताकडे बघत हसत होती. सबिनानं उत्तराची वाट बघता बघता स्वतःचा अंगठा दिव्याजवळ धरला. मघाशी पट्टीला तो नुसता टेकला होता. अंगठ्यावर निळा डाग उमटला होता. शाई अजून ओली होती.