अंजिराच्या बागेतले डबे

काकूंच्या सुनेने फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. "स्वयंपाकघरात... लवकर या," एवढंच ती म्हणाली. मागे तान्हं बाळ टाहो फोडत होतं.

इन्स्पेक्टर बाई वीस मिनिटांत पोचल्या. काकू ओट्यापाशी पालथ्या पडल्या होत्या. शेजारी खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. वार एकच, मागून. डॉक्टरांनी वेळ सांगितली, दुपारी बारा ते एक. समोरच्या दाराला आतून कडी होती, मागचं दार नुसतं लोटलेलं.

"मागच्या दाराने कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"घरचेच," सून म्हणाली. "मी माडीवर बाळाला घेऊन झोपले होते. मला काहीच ऐकू आलं नाही हो."

बाळ सोडलं तर घरची माणसं मोजून चार. काकूंचा मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने लांब. उरल्या काकू, सून आणि काकूंनी लहानाचा मोठा केलेला पुतण्या. काकूंची अंजिराची बाग तोच राखत असे. बाग गावाबाहेर, सायकलने दहा मिनिटांवर.

हवालदारांनी तिथल्या तिथे निकाल लावला. "मॅडम, गेल्या आठवड्यात सासू-सुनेचं असं वाजलं की गल्लीभर ऐकू गेलं. घरात दोघीच. आणखी काय पाहिजे? उद्या संध्याकाळी सूनबाईंना आत घेऊ."

"आणि तीन महिन्यांच्या बाळाचं काय करू या?"

हवालदार डोकं खाजवू लागले. हे काम त्यांना नेहमी चांगलं जमे.

"भांडण कशावरून झालं?" बाईंनी सुनेला विचारलं.

"बागेवरून. आई बाग माझ्या नावावर करणार होत्या. मी म्हटलं, मला नको, राबतात ते भावजी. तर म्हणाल्या, तो माझ्यामागे सगळी झाडं तोडून प्लॉट पाडेल. मी ऐकेना, त्या ऐकेनात."

पुतण्या डोळे पुसत समोर बसला.

"आज बारा ते एक कुठे होतात?"

"बागेत, मचाणावर. अंजीर पिकलंय मॅडम. जरा पाठ वळली की मैना, बुलबुल, खारी सगळं फस्त करतात. डबे वाजवत बसलो होतो."

"मध्ये कुठे गेला नाहीत?"

"पाणी प्यायलाही उतरलो नाही. कुंपणापलीकडच्या शिंपीणबाईंना विचारा."

दुसऱ्या दिवशी बाई बागेत गेल्या. झाडाझाडांमधून तारा ओढून त्यांना रिकामे डबे टांगले होते. सगळ्या तारांची मिळून एक दोरी मचाणावर आणलेली. दोरी ओढली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडखडाट.

शिंपीणबाई खिडकीत मशीन चालवत होत्या.

"काल डबे ऐकलेत?"

"ऐकले म्हणजे? डोकं उठवलं मेल्याने! अकरापासून दोनपर्यंत नुसता उच्छाद. रोज दुपारी मी मशीन थांबवून घटकाभर पडते. काल डोळ्याला डोळा लागला असेल तर शपथ!"

"मचाणावर तो दिसला का?"

"एवढ्या झाडांतून काय दिसतंय? पण डबे काय आपोआप वाजतात? त्यात आमची पांढरी शेळी सकाळपासून बेपत्ता. अडीचला आली, तहानेने कासावीस. सगळ्या जगाला कालचाच दिवस सापडला होता."

"झालं," हवालदार म्हणाले. "पुतण्या सुटला."

बाई मचाणाखाली गेल्या. तिथलं गवत गोल तुडवलं गेलं होतं. पानं ओरबाडलेल्या अंजिराच्या दोन फांद्या खांबाला उंच बांधलेल्या. गवतात लेंड्या. मचाणावरून खाली लोंबणाऱ्या दोरीच्या टोकाला नवी गाठ होती आणि गाठीत आखूड पांढरे केस अडकले होते.

मग त्या मचाणावर चढल्या आणि दोरी हातात घेऊन बसल्या. बारा वाजले होते. ऊन असं काही तापलं होतं की पानसुद्धा हलत नव्हतं. साडेबारा झाले. पाऊण झाला. पिकून फुटलेली अंजिरं समोर लोंबत होती, पण बागेत कशाचाही आवाज नव्हता. ती शांतता हवालदारांना खायला उठली. "मॅडम, जाऊ या ना," ते दोनदा म्हणाले.

दोरी ओढायची वेळ बाईंवर एकदाही आली नाही.

संध्याकाळी पाचला काकूंच्या घरी सगळे जमले. सुनेने बाळाचे कपडे पिशवीत भरून ठेवले होते. बाळाला सोबत नेता येईल का, एवढंच तिने विचारलं.

बाई पुतण्याकडे वळल्या. "बाग किती वर्षं राखताय?"

"चौदा."

"मग भर दुपारी डबे कुणासाठी वाजवलेत?"

"म्हणजे? पाखरांसाठी."

"कुठल्या? पाखरं सकाळी उतरतात आणि ऊन कललं की पुन्हा. भर दुपारी सावलीला दडून बसतात. आज मी तासभर बसले, एक चिमणी आली नाही. म्हणून तर शिंपीणबाईंना रोज दुपारी झोप लागते. चौदा वर्षं राखलेला माणूस त्या वेळी हात दुखवून घेत नाही. काल डबे वाजले ते पाखरांनी ऐकावेत म्हणून नाही, शिंपीणबाईंनी ऐकावेत म्हणून."

"डबे मीच वाजवत होतो!"

"शेळी वाजवत होती. तुम्ही दोरी तिच्या गळ्यात बांधलीत आणि अंजिराच्या फांद्या तोंड जेमतेम पोचेल अशा टांगल्यात. ती मान ताणायची, दोरी ओढली जायची, बाग दणाणायची. गाठीतले केस तिचेच आहेत. लेंड्या मचाणाच्या अगदी खाली पडल्यात. फळांची राखण करणारा माणूस वर बसलेला असताना शेळीला बागेत पाऊल टाकू देईल? तुम्ही सायकलवरून मागच्या दाराने आलात, काम उरकलंत, दोनच्या आत परत जाऊन तिला सोडलंत. शेळी पाल्यासाठी कधीही मान ताणते, तिला पाखरांचं वेळापत्रक कुठून कळणार? ते तुम्हाला कळायला हवं होतं."

पुतण्याने दाराकडे पाहिलं. दारात हवालदार उभे होते. या वेळी ते डोकं खाजवत नव्हते.

"बाग माझी होती," तो हळूच म्हणाला. "चौदा वर्षं उन्हात मी बसलो."

"काकू काही बोलल्या?"

"म्हणाली, आलास? हात धू, वाढते. आणि पाठ वळवून ताट घ्यायला गेली."

सुनेने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि कालपासून पहिल्यांदाच ती सासूसाठी रडली.