सात ठोके

या, असे जवळ सरका. धुक्यातली गोष्ट आहे. मोठ्यानं सांगितली तर विरून जाईल.

झीरिकझे बंदराच्या धक्क्यावर, भर दुपारच्या धुक्यात, मारीनुस तानेकेवर आदळला आणि तिच्या हातातली छापखान्याच्या खिळ्यांची पेटी सांडली. दोघं वाकून शिशाची अक्षरं वेचू लागले.

“डोळे घरी ठेवून आलात वाटतं?”

“बोटीत राहिले असतील... शोधायला याल?”

तिच्याच छापखान्यात तो मुद्रितं, म्हणजे कच्चे छाप, वाचून तपासायला आला होता. ते काम पूर्वी तिच्या लीवेनकाकांचं. तिथली रीत जुनी – लांब शब्द तुकड्यातुकड्यांनी म्हणायचा, दर तुकड्याला मेजावर बोट वाजवायचं, जोर असेल तिथं जड. म्हणजे ओळ कुठं मोडायची ते खिळे जुळवणाऱ्या तानेकेला कळतं. ‘बे-ख्रा-फे-निस-फेर-ए-नि-खिंग’, अंत्यविधी मंडळ : आठ ठोके, दुसरा जड. मारीनुसचा गळा स्तोत्रं गाणाऱ्याचा. तो म्हणायचा, आणि तानेकेचे हात थबकायचे.

फक्त, त्याचा ठोका चुकला की भिंतीपलीकडून बरोबर ठोके पडत. पलीकडे काकांची खोली... ते गेल्यापासून कुलूपबंद.

“उंदीर असेल,” मारीनुस म्हणाला.

“उंदराला जोर कुठं द्यायचा ते कळतं?”

तो हसला नाही. तीही नाही. “काका म्हणायचे, तुझ्या लग्नाच्या घोषणेचं मुद्रित मीच तपासणार,” ती हळूच म्हणाली. “तेवढं राहिलं.”

हिवाळा सरता सरता त्याला रॉटरडॅमची नोकरी आली. दुपारची बोट. शेवटचं मुद्रित वाचून झालं.

“मग... निघतो.”

‘थांबा’ तिच्या ओठांवर आलं नि तिथंच अडकलं.

तेवढ्यात भिंत वाजली. पहिला ठोका जड, मग सहा हलके. दर रविवारी चर्चमध्ये, लग्न ठरलेल्यांची नावं वाचण्याआधी, आमचे धर्मगुरू सुरात म्हणतात तो शब्द दोघांनी एकदमच ओळखला : ह्यू-वे-लेक्स-आफ-कोन-दि-खिंग. लग्नाची घोषणा.

मारीनुसचे दोन्ही हात टोपीवर होते.

बाहेर बोटीचा भोंगा झाला. तानेकेनं खिळे उचलले. “नावं... कुणाची जुळवू?”

“एक तुझं,” तो म्हणाला. त्यानं टोपी खाली ठेवली. “दुसरं माझं. तुला चालत असेल तर.”

“वाच,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं, तिनं जुळवलं. बोट गेली. भिंत गप्प राहिली. एकही चूक नव्हती.

देवाघरी गेलेला माणूसही दिला शब्द पाळतो. रविवारी घोषणा सुरात ऐकाल, तेव्हा लीवेनकाकांची आठवण ठेवा, एवढंच मागणं.